‘फ्रीस्टाईल’, ‘नुरा’ आणि ‘दारासिंग’

नागपूरहून छिंदवाड्याकडे आणि बैतूलकडे जाणारे रस्ते जेथे वेगळे होतात, त्या सावनेरच्या बोलीत एक वाक्य वरचेवर कानी पडते : ‘मोठा दारासिंग बनून रायला का बे?’ हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दारासिंग यांची एकही कुस्ती पाहिलेली नसते. कित्येकांचा जन्मच त्यांच्या निवृत्तीनंतरचा असतो. दुसरा प्रयोग वृत्तपत्री मराठीतील आहे. नगरपरिषदेच्या सभेत सदस्य हातघाईवर आले, की ‘सभेत फ्रीस्टाईल’ असा मथळा हमखास येतो. तिसरा प्रयोग राजकीय लेखनात रूढ झालेला आहे : दोन पक्षांचा विरोध लटका आहे असे सुचवावयाचे झाल्यास त्यास ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. या तीनही प्रयोगांचा माग काढीत गेल्यास आपण धंदेवाईक कुस्तीच्या एकाच कालखंडापाशी येऊन पोचतो. त्या कालखंडाचे, त्यातील प्रमुख मल्लाच्या कारकीर्दीचे आणि तिने मराठीच्या शब्दसंग्रहात मागे ठेवलेल्या खुणांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

दारासिंग यांचा जन्म 19 नोव्हेंबर 1928 रोजी अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक या गावी झाला. 1947 साली ते सिंगापूरला गेले, तेथे एका कारखान्यात नोकरी करू लागले आणि हरनामसिंग यांच्या हाताखाली कुस्तीचे शिक्षण घेऊ लागले. ही गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. पंजाबातील आखाड्याच्या मातीचा संस्कार त्यांच्यावर होताच, परंतु त्यांचा व्यवसाय घडला तो मलाया-सिंगापूरच्या करमणूक-उद्यानांत, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे, दोरांनी वेढलेल्या चौथऱ्यावर. 1954 साली टायगर जोगिंदरसिंग यांच्यावर मात करून त्यांनी ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब मिळविला, तेव्हा ते पंचविशीत होते. यापुढची सुमारे तीस वर्षे त्यांचे वास्तव्य व व्यवसाय प्रामुख्याने मुंबईशी निगडित राहिला. वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम हे या काळातील फ्रीस्टाईल कुस्त्यांचे एक प्रमुख स्थान होते.

या कुस्त्यांचे स्वरूप समजण्यासाठी त्याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते, याकडे थोडे वळावे लागेल. 1948 साली आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे काही कुस्ती-ठेकेदार एकत्र आले आणि त्यांनी ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ ही संघटना स्थापन केली. देशाचे प्रादेशिक वाटे पाडावयाचे, एकाच्या मुलखात दुसऱ्याने पाऊल टाकावयाचे नाही, आणि सर्वांनी मिळून एकच जागतिक विजेता मानावयाचा, असा तो बंदोबस्त होता. (हा बंदोबस्त मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कचाट्यात सापडला आणि 1956 साली संघटनेला सरकारशी तडजोड करावी लागली, परंतु मुलखांची वाटणी पुढेही बव्हंशी तशीच चालू राहिली.) दूरचित्रवाणी नेमकी याच वर्षांत घरोघर पोचत होती. कुस्तीचा चौथरा लहान, मल्ल दोन, दिव्यांची सोय एका ठिकाणी केली की झाले. त्यामुळे त्या काळच्या बोजड कॅमेऱ्यांना हा खेळ फार सोयीचा पडला. शिकागोहून ड्यूमाँट जाळ्यावर होणाऱ्या प्रक्षेपणांनी सोनेरी कुरळ्या केसांच्या व झुळझुळीत झग्याच्या ‘गॉर्जस जॉर्ज’ याला देशभर प्रसिद्धी मिळवून दिली. पुढे प्रत्येक मुलखाच्या ठेकेदाराने स्थानिक केंद्रावर आपला साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. त्या कार्यक्रमातून ठेकेदाराची मुख्य प्राप्ती होत नसे; ती होई सभागृहातील तिकिटांतून. पडद्यावर भांडण पेटवावयाचे, एकाने दुसऱ्याचा अपमान करावयाचा, आणि त्याचा निकाल पाहण्यासाठी प्रेक्षकाने पुढल्या आठवड्यात तिकीट काढून यावे अशी योजना करावयाची, हे त्या धंद्याचे मर्म होते. जपानमध्येही असेच घडले. 1954 साली रिकिदोझान व शार्प बंधू यांच्या लढती दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेल्या आणि चौकाचौकांत लावलेल्या संचांभोवती माणसांची झुंबड उडाली.

मुंबईत यांपैकी दूरचित्रवाणी तेवढी नव्हती. भारतातील पहिले केंद्र दिल्लीस 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रायोगिक स्वरूपात निघाले. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. म्हणजे दारासिंग यांच्या कारकीर्दीचा सर्वांत भरभराटीचा काळ हा मुंबईपुरता दूरचित्रवाणीविरहित काळ होय. तरीही धंद्याची घडण अमेरिकेतील मुलखांसारखीच होती : परदेशी दांडगा प्रतिस्पर्धी, त्याच्या गर्जना, आव्हान-प्रतिआव्हान, किताब. पडद्याचे काम येथे भित्तिपत्रक, वृत्तपत्र आणि चित्रपट यांनी केले. ‘किंग काँग’ या नावाने ओळखला जाणारा एमिल चाया याचे उदाहरण बोलके आहे. हा मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेला अवाढव्य देहाचा मल्ल. त्याचे नाव पडले ते चित्रपटातील महाकाय वानरावरून. रिकिदोझानने 1955 साली त्याला हरवून आशियाई अजिंक्यपद मिळविले आणि दारासिंग यांच्याशी झालेल्या त्याच्या लढतींनी भारतात व आग्नेय आशियात गर्दी खेचली. पुढे 1962 साली ‘किंग काँग’ याच नावाचा हिंदी चित्रपट निघाला आणि त्याचे नायक होते दारासिंग. 1963 साली ‘फौलाद’ आला. यानंतर मुमताज यांच्यासह त्यांच्या चित्रपटांची मालिकाच लागली. सावनेरसारख्या गावी दारासिंग पोचले ते या चित्रपटांतून. चित्रपटातील कुस्ती आणि मैदानातील कुस्ती यांतील सीमारेषा प्रेक्षकाच्या मनात पुसट राहणे, हे ठेकेदार व निर्माता या दोघांच्याही पथ्यावर पडणारे होते.

त्यांच्या कारकीर्दीतील दोन प्रसंगांचा उल्लेख सर्वत्र येतो. 1959 साली कलकत्त्यास त्यांनी कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्को यास हरवून ‘कॉमनवेल्थ’ अजिंक्यपद मिळविले. गोर्डिएन्को हा जाणकारांत उत्तम मल्ल म्हणून मान्यता पावलेला होता आणि पुढे चित्रकार म्हणूनही त्याने नाव मिळविले. दुसरा प्रसंग 29 मे 1968 चा. त्या दिवशी मुंबईत लू थेझ याचा पराभव करून दारासिंग ‘जागतिक विजेते’ झाले. या विधानाची थोडी फोड करणे आवश्यक आहे. थेझ हा त्या संघटनेचा दीर्घकाळचा विजेता खरा. परंतु तिचे विजेतेपद त्याने जानेवारी 1966 मध्येच सेंट लुईस येथे जीन किनिस्की याच्याकडे गमावले होते. मुंबईस आला तेव्हा त्याचे वय बावन्न वर्षांचे होते व दारासिंग एकोणचाळीस वर्षांचे. म्हणजे 1968 साली मुंबईत ज्या ‘जागतिक’ पदाचा निकाल लागला, ते वॉटर्लू येथे जन्मलेले पद नव्हे. मुलखागणिक विजेते असण्याच्या त्या व्यवस्थेत ‘जागतिक’ हे विशेषण भूगोलाचे निदर्शक नसून जाहिरातीचे होते. ‘पाचशे कुस्त्या आणि एकही पराभव नाही’ हे दारासिंग यांच्याविषयी नेहमी केले जाणारे विधानही याच जातीचे आहे. हौशी स्पर्धांतील नोंदींच्या पंक्तीला ते बसवता येत नाही.

तर मग या कुस्त्या खोट्या होत्या काय? बहुतेक चर्चा या प्रश्नापाशी येऊन थांबते. आमच्या मते प्रश्नाची मांडणीच शब्दांनी बिघडविली आहे, आणि म्हणून येथे भाषेच्या अभ्यासकाला काही सांगण्याजोगे आहे.

मराठी तालमीच्या परिभाषेत कुस्तीचे प्रकार सांगणारी विशेषणे पुष्कळ आहेत. इनाम लावलेली ती ‘इनामी’. तोलामोलाच्या जोडीची ती ‘काटा’. निर्णय लागेपर्यंत लढविली जाणारी ती ‘निकाली’. दोघांनी आधी संगनमत करून लढलेली ती ‘नुरा’. हा शब्द एकट्या मराठीचा नाही, हिंदी-उर्दू-पंजाबी मुलखातही तो याच अर्थाने वावरतो. आता अमेरिकेतील धंदेवाईक मल्लांचे शब्द पाहा. जत्रेतील खेळवाल्यांच्या गुप्त बोलीतून आलेल्या त्यांच्या परिभाषेत आधी ठरविलेल्या लढतीला ‘वर्क’ म्हणजे ‘काम’ म्हणतात आणि खऱ्याखुऱ्या लढतीला ‘शूट’. ठरवाठरवीचे गुपित बाहेर फुटू न देण्याच्या शिस्तीला ‘केफेब’ असे नाव आहे. वस्तू एकच आहे. परंतु ‘वर्क’ हा शब्द करणाऱ्याचा आहे आणि ‘नुरा’ हा पाहणाऱ्याचा. पहिल्यात निंदा नाही. एखाद्या कारागिराने आपल्या कामाला काम म्हणावे तसे ते आहे. दुसऱ्यात मात्र आरोप आहे.

हा आरोप मराठीत का आला, याचे उत्तर जत्रेच्या कुस्तीच्या अर्थव्यवहारात सापडते. गावकरी वर्गणी काढतात, पंच जोडी लावतात, हलगी वाजते, खडाखडी होते आणि पाठ मातीला लागली, म्हणजे मल्ल चितपट झाला, की इनाम दिले जाते. या मैदानात गुण मोजण्याची पद्धत परंपरेने नाही. एक तर आस्मान दाखवावयाचे किंवा जोड बरोबरीत सोडवावयाची. इनाम हे पराक्रमाचे मोल म्हणून गाव देतो. दोघांनी आतून संगनमत केले आणि इनाम वाटून घेतले, तर गाव फसविला जातो. ‘नुरा’ या शब्दातील चीड ही विश्वासघाताची चीड आहे. स्टेडियममधील तिकिटाचा करार निराळा असतो. तेथे प्रेक्षकाने पैसे दिलेले असतात ते दोन घटका उत्कंठेने बसता यावे म्हणून. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने पॅरिसमधील अशाच कुस्त्यांवर लिहिलेला निबंध 1957 सालच्या त्याच्या ‘मिथोलॉजीज’ या संग्रहाच्या आरंभीच आहे. लढत ठरवलेली आहे की नाही याच्याशी तेथल्या प्रेक्षकाला कर्तव्य नसते, डोळ्यांपुढे वेदना, कपट आणि न्याय यांची स्पष्ट रूपे उभी राहणे त्याला पुरेसे वाटते, असा त्या निबंधाचा रोख आहे. दशावतारातील देव-दैत्यांचे युद्ध कोणी ‘नुरा’ म्हणत नाही. आमच्याकडील दंडारीत वा खडी गंमतीत झालेल्या मारामारीलाही ते विशेषण कोणी लावल्याचे ऐकिवात नाही.

तथापि बार्थचा निर्वाळा मुंबईच्या स्टेडियमला जसाच्या तसा लावणे आम्हांस पटत नाही. दशावतारी नट आपण राक्षस आहोत असा दावा रंगमंचाबाहेर करीत नाही. फ्रीस्टाईल कुस्तीचे ठेकेदार मात्र आपली कुस्ती ‘निकाली’ आहे असेच भित्तिपत्रकावर छापीत, आणि मातीतल्या कुस्तीची परिभाषा, किताब व प्रतिष्ठा उसनी घेऊन तिकिटे विकीत. ही उसनवारी होती म्हणूनच तालमीतील वस्तादांचा रोष होता, आणि तो रोष सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. अमेरिकेत ही मूठ उघडली गेली तीही धंद्याच्याच सोयीसाठी : फेब्रुवारी 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, नियंत्रण व कर टळावेत म्हणून, व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीने आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे असे स्वतःच सांगून टाकले.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. लढत ठरवलेली असणे आणि मल्ल नकली असणे या दोन बाबी एक नव्हेत. थेझ हा सांधे मुरगळण्याच्या घातक डावांत प्रवीण असलेला, कच्च्या मल्लाची गय न करणारा मनुष्य. त्याने आपल्या आठवणींत दारासिंग हे अस्सल मल्ल होते व त्यांची शरीरसंपदा उत्तम होती, असे नमूद करून त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही असे म्हटले आहे. वाक्याचा उत्तरार्ध बारकाईने वाचावा. ‘हरण्यात वावगे वाटले नाही’ असे म्हणणारा हरण्याला आधीच संमती दिलेला असतो. आणि तरीही ती संमती कोणाला द्यावी व कोणाला देऊ नये याची त्याची कसोटी कुस्तीचीच होती. ‘खरे’ आणि ‘नुरा’ अशा दोनच खणांत हे वाक्य मावत नाही. त्यासाठी तिसरा खण हवा, आणि मराठी परिभाषेत तो नाही.

तो नसल्यामुळे जे रिकामे राहिले, ते ‘फ्रीस्टाईल’ या शब्दाने व्यापले. या शब्दाचा प्रवास मनोरंजक आहे. स्पर्धात्मक कुस्तीत ग्रीको-रोमन पद्धतीत कमरेखाली पकड करण्यास बंदी असते. फ्रीस्टाईलमध्ये पायांची पकड करण्याची मोकळीक असते. नावातील ‘फ्री’ एवढ्याचपुरते. बाकी वजनगट, वेळ, गुण, पंच सर्व काटेकोर. लँकेशायरमधील जुन्या पकडापकडीच्या कुस्तीपासून एकीकडे ही ऑलिंपिक पद्धत निघाली आणि दुसरीकडे धंदेवाईक कुस्ती; दोघींनी भारतात एकच नाव धारण केले. 1952 साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाईलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु सामान्य मराठी माणसाच्या कानावर ‘फ्रीस्टाईल’ हा शब्द वारंवार पडला तो हेलसिंकीहून नव्हे, वरळीहून आणि चित्रपटगृहातून. तेथे ठोसे होते, लाथा होत्या, दोरांबाहेर फेकणे होते. शब्दातील ‘फ्री’चा अर्थ त्याने जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून लावला : नियम नसलेली मारामारी. आज ‘दोन गटांत फ्रीस्टाईल’ या मथळ्यात हाच अर्थ आहे. खाशाबांच्या पदकाचा शब्द खाशाबांच्या अर्थाने मराठीत टिकला तो क्रीडापृष्ठापुरता.

हे अपघाताने घडले असे म्हणावे, तर त्याच वाटेने गेलेला एक जुना शब्द आडवा येतो. ‘दंगल’ हा फारसीतून आलेला शब्द उत्तरेत कुस्त्यांच्या मेळ्याला लावतात. प्रमाण मराठीत मात्र दंगल म्हणजे दंगा, जमावाचा हिंसाचार. सावनेर परिसरात, जेथून सौसर व पांढुर्ण्याची मराठी-हिंदी सरमिसळ फार दूर नाही, हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘भव्य दंगल’ असे भित्तिपत्रक येथे लागले तर कोणी दुकान बंद करीत नाही. पुण्याहून नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्याच्या कपाळाला क्षणभर आठी पडेल एवढेच. कुस्तीच्या मेळ्याचा शब्द मराठीत येऊन दंग्याचा झाला, आणि शतकानुशतकांनंतर दुसऱ्या भाषेतून आलेला कुस्तीचाच दुसरा शब्द त्याच अर्थाला जाऊन मिळाला. मराठीने ‘कुस्ती’ या शब्दाला हा अर्थ चिकटू दिलेला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. नियमांची प्रतिष्ठा तिने त्या शब्दाकडे राखून ठेवली आणि या दोन शब्दांकडे बेबंदपणा सोपविला.

किताबांच्या नावांतही या काळात एक पालट झालेला दिसतो. गामा ‘रुस्तुम-ए-जमाँ’ होते. 1910 साली लंडनमध्ये झ्बिस्को या पोलिश मल्लाशी त्यांची बरोबरी झाली व 1928 साली पतियाळ्यास त्यांनी त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. दारासिंग ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले ते याच परंपरेतून. परंतु 1959 साली कोल्हापूरच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे ‘हिंदकेसरी’ झाले आणि 1961 पासून ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा सुरू झाली. इराणी महाकाव्यातील वीर जाऊन त्याच्या जागी संस्कृत सिंह आला. धंदेवाईक कुस्तीने रुस्तुम ठेवला व पुढे इंग्रजी ‘चॅम्पियन’ घेतला. तालमीने केसरी घेतला. आपण निराळ्या आहोत हे दोन्ही कुस्त्यांनी किताबांच्या शब्दांनीच जाहीर केले.

आता आरंभीच्या वाक्याकडे येऊ. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही परिचित प्रक्रिया आहे, पण बलवानांच्या नावांत तिचे रंग वेगवेगळे दिसतात. 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेलेल्या यूजेन सँडो या शक्तिप्रदर्शकाचे नाव ‘सँडो बनियन’मध्ये कपड्याला चिकटले, माणूस पार विसरला गेला. ‘गामा’ आदरानेही वापरला जातो आणि उपहासानेही. ‘दारासिंग’ मात्र आमच्या बोलीत बहुधा उपहासार्थीच येतो, आणि तोही ‘बनणे’, ‘समजणे’, ‘लागून जाणे’ अशा क्रियापदांबरोबर. ‘तो दारासिंग आहे’ हे वाक्य विरळा. ‘तो स्वतःला दारासिंग समजतो’ हे नेहमीचे. म्हणजे ही तुलना बळाशी नसून बळाच्या आविर्भावाशी आहे. ‘नुरा’ या शब्दातील जुना संशय या क्रियापदांत मागे राहिला असावा, असे आम्हांस वाटते. मात्र उपहास ज्याच्यावर होतो तो दारासिंग नव्हे, त्यांची नक्कल करणारा. खरे दारासिंग या वाक्यात अभंगच राहतात. ‘खाशाबा’ या नावाला असे सामान्यनाम होण्याचे भाग्य लाभले नाही. पदक एका दिवशी मिळाले होते आणि ते होताना येथे कोणी पाहिले नव्हते. भित्तिपत्रके तीस वर्षे लागत होती.

जून 1983 मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेच्या वेळी दारासिंग यांनी कुस्तीतून निवृत्ती जाहीर केली. याच सुमारास अमेरिकेतील मुलखांची व्यवस्था मॅकमॅहन यांच्या देशव्यापी प्रक्षेपणांपुढे कोसळू लागली होती. दूरचित्रवाणी सावनेरच्या घराघरांत पोचली ती यानंतर, आणि तिच्यावर दारासिंग आले ते जानेवारी 1987 पासून रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत, हनुमानाच्या रूपाने. 1976 च्या ‘बजरंगबली’ या चित्रपटात त्यांनी ही भूमिका पूर्वीच केली होती. ज्या तालमीतील वस्ताद फ्रीस्टाईल कुस्तीला नावे ठेवीत, तिच्या कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते आणि अंगाला माती लावण्यापूर्वी मल्ल तिला नमस्कार करतो. रविवारी सकाळी लोक संचापुढे उदबत्ती लावून बसत, तेव्हा पडद्यावरील देहाने मुंबईत ठरवलेल्या कुस्त्या केल्या होत्या काय, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. 12 जुलै 2012 रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. सावनेरला त्या दिवशी त्यांच्याविषयी बोलताना प्रौढ माणसे ‘हनुमान गेले’ असे आदरार्थी म्हणत होती. तीच माणसे दुसऱ्या दिवशी चौकात दंड फुगविणाऱ्या पोराला ‘मोठा दारासिंग बनून रायला का बे’ असे एकवचनात विचारीत होती, आणि दोन प्रयोगांतील विसंगती त्यांना जाणवल्याचे दिसले नाही.